मत्स्यजिऱ्याचं आतडं आणि तेलाचा थेंब : धरणाकाठच्या शाळांसाठी एक जोडपाठ



सातवीच्या सामान्य विज्ञानात पचनसंस्था शिकवताना आपण फळ्यावर माणूस काढतो. तोंड, अन्ननलिका, जठर, लहान आतडं, यकृत, स्वादुपिंड. मुलं नावं पाठ करतात, आकृतीला नावं देतात, गुण मिळवतात आणि दिवाळीपर्यंत विसरतात. माझं म्हणणं असं, की आंबेगाव आणि जुन्नरच्या धरणांकाठच्या शाळांनी या धड्याला एक जोडपाठ द्यावा. त्यातला नायक माणूस नको. कटल्याचं किंवा रोहूचं तीन दिवसांचं पिल्लू असू द्या.

हे सुचलं ते एका पालकांच्या प्रश्नावरून. जुलै महिन्यात पालकसभेला आले होते. सभा संपल्यावर मागे थांबून म्हणाले, "मॅडम, पेंड-कोंडा येळच्या येळी टाकतो. औंदा तर ताकद यावी म्हणून वरनं गोडं तेलबी लावलं. तरी जिरं टिकत न्हाई. आसं का?" प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर द्यायला बसलं की अख्खा पचनाचा धडा त्यात निघतो. शिवाय त्या घराचे पैसे त्यात अडकलेले असतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी आपल्या भागाबद्दल, बाहेरच्या वाचकांसाठी. घोड नदीवर डिंभे धरण, म्हणजे हुतात्मा बाबू गेनू जलाशय. कुकडीवर माणिकडोह आणि येडगाव, मीना नदीवर वडज, आर नदीवर पिंपळगाव जोगे. दोन तालुक्यांत मिळून एवढं पाणी. या पाण्याखाली ज्यांची भातखाचरं गेली त्यात महादेव कोळी कुटुंबं बरीच होती. जमीन गेली, समोर पाणी आलं. डिंभ्याच्या काठावर 'शाश्वत' या संस्थेच्या सोबतीने आदिवासींची मच्छीमार सहकारी संस्था उभी राहिली आणि मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेच्या मदतीने जलाशयात पिंजरे लावून मत्स्यबीज वाढवण्याचं काम झालं. पडकई, गाळपेर आणि मासेमारी या सगळ्या कामासाठी 'शाश्वत'ला २०१२ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. आपल्या तालुक्यातली ही गोष्ट आपल्याच मुलांना माहीत नसते, हे मला खटकतं.

पिंजरे कशाला, असं मुलं विचारतात. धरणात आधीच मोठे मासे असतात. त्यात अगदी बारीक बीज सोडलं तर ते मोठ्यांचा घास होतं. म्हणून जाळीच्या पिंजऱ्यात त्याला बोटाएवढं होईपर्यंत सांभाळायचं आणि मग मोकळ्या पाण्यात सोडायचं. इथे आपली मराठी फार छान आहे. अंड्यातून निघून तीन दिवस झालेल्या पिल्लाला म्हणायचं मत्स्यजिरे, कारण ते दिसतंच जिऱ्यासारखं, पाच-सहा मिलिमीटर. पंधरा-वीस दिवसांत वाढून वीस-पंचवीस मिलिमीटर झालं की मत्स्यबीज. आणि दोन-तीन महिन्यांत आठ-दहा सेंटिमीटर झालं की बोटुकली. बोटाएवढी, म्हणून बोटुकली! शास्त्रीय पुस्तकात अशा अपुऱ्या वाढीच्या पिल्लाला 'डिंभ' किंवा 'डिंभक' म्हणतात. डिंभे गावात हा शब्द शिकवताना वर्गात हशा पिकतो. गावाच्या नावाशी त्याचा काही संबंध आहे असं मी म्हणत नाही, पण शब्द मुलांच्या कायमचा लक्षात राहतो.

सगळ्यात जास्त मर कुठे होते? जिरे ते बीज या पहिल्या पंधरवड्यात. चांगली निगा राखलेल्या मातीच्या तळ्यातही शंभरातली तीस ते पन्नास पिल्लं हाती लागली तर बरं मानतात. बाकीची जातात कुठे? काही पाणकिडे खातात, काही पाणी बिघडल्याने मरतात, आणि बरीचशी चक्क उपाशी मरतात, समोर खाद्य पडलेलं असूनही. आपल्या पाठाचा गाभा हाच आहे.

पिल्लू अंड्यातून बाहेर येतं ते बांधलेली शिदोरी घेऊन. पोटाला लागून पिवळट पिशवी असते, बलकाची. उबदार पाण्यात कटला-रोहूची अंडी चौदा ते अठरा तासांत फुटतात, आणि पुढचे साधारण तीन दिवस पिल्लू या बलकावरच जगतं. तोंड तोवर धड उघडलेलंही नसतं. तिसऱ्या दिवशी शिदोरी संपत येते, तोंड उघडतं, आणि आता बाहेरचं खावं लागतं. हॅचरीतून जिरे याच वेळी बाहेर पडतात, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून प्रवास करतात आणि आपल्या तळ्यात येतात. म्हणजे पहिलं जेवण आणि पहिला प्रवास एकदमच. बाळाला उष्टावणाच्या दिवशीच एसटीत बसवून परगावी धाडल्यासारखं.

त्या दिवशी पिल्लाच्या पोटात काय असतं? एक सरळ नळी. वेटोळी नाहीत, आतल्या घड्या फारशा नाहीत. यकृत आणि स्वादुपिंड कामाला लागलेले असतात, पण कारखाना अजून लहान. प्रथिनांचं पचनही अर्धंकच्चं. नळीच्या मागच्या भागातल्या पेशी प्रथिनांचे बारीक थेंब तसेच्या तसे आत ओढून घेतात आणि पेशीच्या आतच पचवतात. आपल्या धड्यात नसलेली ही गंमत आहे, हुशार मुलांना जरूर सांगा.

आता जठराचं. कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस या कुळातल्या माशांना जठर नसतंच. लहानपणी नसतं आणि मोठेपणीही येत नाही. अन्ननलिका संपली की थेट आतडं. मरळीला मात्र जठर असतं, कारण ती दुसरे मासे गिळणारी. वर्गात एका पोराने विचारलं, "मॅडम, मग रोहूला पित्त होत न्हाई का?" मला उत्तर द्यायला फार आवडलं. आपण ज्याला 'पित्त झालं' म्हणतो ते बहुतेक वेळा जठरातलं आम्ल असतं. रोहूला जठर नाही, आम्ल नाही, मग ते 'पित्त' कुठून होणार? पण खरा पित्तरस, जो यकृतात तयार होतो, तो रोहूलाही असतो आणि लहान जिऱ्यालाही असतो. मासा साफ करताना हिरवी पिशवी फुटली की कालवण कडू होतं, हे प्रत्येक घरात माहीत आहे. तोच तो. स्निग्ध पदार्थ पचवण्यात त्याचं काम मोठं आहे.

चला, तेलाकडे. स्निग्ध पदार्थ म्हटलं की आपण तेल, तूप एवढंच डोळ्यांसमोर आणतो. रसायनशास्त्रात त्याचे दोन मोठे गट आपल्याला इथे लागतात. पहिला ट्रायग्लिसराइड: ग्लिसरॉलच्या एका दांड्याला मेदाम्लांच्या तीन शेपट्या. आपलं गोडं तेल, करडई तेल, तूप हे जवळजवळ सगळं असंच. दुसरा गट फॉस्फोलिपिड: त्याच दांड्याला दोनच शेपट्या, आणि तिसऱ्या जागी फॉस्फेटचं डोकं. शेपट्यांना पाण्याचं वावडं, डोक्याला पाण्याची ओढ. म्हणून हा रेणू तेल आणि पाणी यांच्या मधोमध उभा राहतो, एक हात इकडे, एक हात तिकडे. पेशीचं आवरण मुख्यतः याच रेणूंचं बनलेलं असतं. अंड्याच्या बलकात आणि सोयाबीनमधून निघणाऱ्या लेसिथिनमध्ये तो भरपूर.

हे नुसतं सांगू नका, दाखवा. दोन पारदर्शक बाटल्या घ्या. दोन्हींत अर्धी बाटली पाणी आणि दोन चमचे तेल. एकीत चमचाभर कच्चा बलक टाका. दोन्ही जोरात हलवा आणि टेबलावर ठेवून दहा मिनिटं दुसरं काही शिकवा. साध्या बाटलीत तेल वर येऊन थांबलेलं असतं. बलकाच्या बाटलीत सगळं दुधासारखं राहतं, तेलाचे बारीक बारीक थेंब झालेले. याला पायसीकरण म्हणतात. ज्या शाळेत अंडं चालत नाही तिथे सोया लेसिथिन वापरा.

जिऱ्याच्या आतड्यात दोन ठिकाणी हा प्रश्न येतो. एक, नळीच्या आत. तेलाचा मोठा थेंब असेल तर लायपेज हे विकर फक्त वरवर कुरतडू शकतं. पित्तरस थेंब बारीक करतो, मग लायपेजला काम करता येतं. लहान पिल्लांतलं मुख्य लायपेज पित्तक्षारांशिवाय चालतच नाही. फॉस्फोलिपिड तोडायला वेगळं विकर असतं आणि तेही लवकर कामाला लागतं. हा पहिला टप्पा पिल्लू बऱ्यापैकी निभावतं. 'लहान पिल्लाला तेल पचतच नाही' असं जे सरसकट सांगतात ते पूर्ण खरं नाही.

खरी अडचण दुसऱ्या ठिकाणी, आतड्याच्या पेशीच्या आत. तेल तुटून मेदाम्लं पेशीत शिरली, तिथे त्यांचं परत तेल झालं. आता ते रक्तात पाठवायचं. पण रक्त म्हणजे पाणीच, त्यात तेल सुटं कसं जाणार? त्याला बारीक गोळीत बांधावं लागतं: आत तेल, बाहेर फॉस्फोलिपिड आणि प्रथिनांचं आवरण. मुलांना मी नारायणगावच्या टोमॅटो बाजाराचं उदाहरण देते. शेतात माल तोडून ढीग लागला, गाडी दारात उभी, पण क्रेट नाहीत. माल हलणार कसा? तिथेच पडून राहणार, तिथेच नासणार. तेल म्हणजे टोमॅटो, फॉस्फोलिपिड म्हणजे क्रेट. मोठा मासा हे क्रेट स्वतः बनवतो. जिऱ्याला ते पुरेसे बनवता येत नाहीत, त्याला ते खाण्यातून मिळावे लागतात.

आणि क्रेट नसतील तर? फ्रान्समधल्या संशोधकांनी सायप्रिनसच्या पिल्लांवर १९९० च्या दशकात हे पाहिलं. ज्या पिल्लांना तेल मिळालं पण फॉस्फोलिपिड मिळालं नाही, त्यांच्या आतड्याच्या पुढच्या भागातल्या पेशी तेलाच्या थेंबांनी फुगलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या. आतडं तेलाने तुंबलेलं आणि अंग मात्र उपाशी! खाद्यात फॉस्फोलिपिड घातलं की हे तुंबणं कमी झालं आणि वाढही सुधारली. सायप्रिनसच्या पिल्लांना खाद्यात साधारण दोन टक्के फॉस्फोलिपिड पुरतं असं या कामातून दिसलं. त्याआधी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये कानाझावा यांनी 'आयू' या माशाच्या पिल्लांवर काम करून फॉस्फोलिपिड नसेल तर वाढ खुंटते आणि कणा वाकडा होतो हे दाखवलं होतं. पुढे युरोपातल्या समुद्री बास माशाच्या पिल्लांवर प्रयोग झाले, तिथे कोरड्या खाद्यात बारा टक्क्यांच्या आसपास फॉस्फोलिपिड दिल्यावर सर्वांत चांगला निकाल आला. दोन आणि बारा. जात बदलली की गरज केवढी बदलते पाहा.

बासच्या प्रयोगांतली आणखी एक गोष्ट शिक्षकांसाठी. आतड्याच्या पेशीच्या आतल्या काठाला ब्रशासारखे बारीक केस असतात. पिल्लू लहान असताना पचनाची बरीच विकरं पेशीच्या आत असतात. आतडं पक्व होतं तसं काम पेशीच्या आतून या ब्रशाच्या काठावर सरकतं. हे सरकणं लवकर झालं की पिल्लू कोरडं खाद्य नीट पचवू लागतं. स्निग्ध पदार्थाचं प्रमाण आणि रूप योग्य असेल तर हा बदल वेळेवर होतो, चुकीचं असेल तर रेंगाळतो. म्हणजे खाद्य फक्त पोट भरत नाही, ते पोट घडवतं. तेलाचं प्रमाण तेच ठेवून नुसतं रूप बदललं तरी आतड्याची घडण बदलते, हे मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटतं.

आता त्या पालकांच्या पेंड-कोंड्याकडे येऊ. इथे सहावी-सातवीचं शेकडेवारीचं गणित फुकटात होतं. घाण्याच्या किंवा एक्स्पेलरच्या शेंगदाणा पेंडीत साधारण सहा ते आठ टक्के तेल उरलेलं असतं. गिरणीतल्या ताज्या, तेल न काढलेल्या भाताच्या कोंड्यात बारा ते अठरा टक्के. पेंड सात धरा, कोंडा पंधरा धरा, निम्मे-निम्मे मिसळा. किती झालं? अकरा टक्के. कटला-रोहूच्या बीजाला खाद्यात सहा-आठ टक्के स्निग्ध पदार्थ पुरतात. म्हणजे तेल आधीच गरजेपेक्षा जास्त आहे! त्यावर किलोला पन्नास ग्रॅम गोडं तेल लावलं तर ११० आणि ५० मिळून १६० ग्रॅम तेल १०५० ग्रॅम खाद्यात, म्हणजे सव्वापंधरा टक्के. टोमॅटोचा ढीग वाढवला, क्रेट तेवढेच राहिले.

पण हेच गणित दुसऱ्या बाजूनेही करा. सॉल्व्हंटने तेल काढलेली पेंड आणि तेल काढलेला कोंडा असेल, तर दोन्हींत एखाद टक्काच तेल उरतं. पोत्यावर 'डीऑइल्ड' किंवा 'डीओआरबी' लिहिलेलं असतं. तिथे स्निग्ध पदार्थ खरोखरच कमी पडतात. तेव्हा 'तेल घालावं की नाही' याला एक उत्तर नाही, आधी पोतं वाचा. पालकांना पोत्यावरची चिठ्ठी मुलांनी वाचून दाखवली तर यापेक्षा चांगला गृहपाठ कोणता?

दुसरी गोष्ट कोंड्याच्या ताजेपणाची. भात भरडला की कोंड्यातलंच एक लायपेज मोकळं होतं आणि आपल्याच तेलाला तोडायला लागतं. दमट पावसाळ्यात कोंडा दोन-चार दिवसांत खवट वास मारतो. आपल्याकडे इंद्रायणीचा कोंडा स्वस्तात मिळतो म्हणून पोतं भरून ठेवायची सवय असते. नको. खवट तेल नुसतं बेचव नसतं, ते ई जीवनसत्त्व नष्ट करतं. जपानमध्ये रेशीमकिड्यांचे खवट कोश खाऊन सायप्रिनस माशांची पाठ रोडावत जायची. 'सेकोके' नावाचा तो रोग ई जीवनसत्त्व दिल्यावर आटोक्यात आला. नाकाला खवट लागला तो कोंडा माशालाही नको, एवढं घरात सांगितलं तरी पुष्कळ.

मेदाम्लांबद्दल थोडक्यात. कटला-रोहूसारखे गोड्या पाण्यातले मासे जवसासारख्या तेलातल्या ओमेगा-३ पासून पुढची लांब साखळीची मेदाम्लं स्वतः बनवू शकतात. शेंगदाण्यात ओमेगा-३ जवळजवळ नाहीच, म्हणून नुसत्या शेंगदाणा पेंडीपेक्षा थोडी जवसाची पेंड मिसळणं शहाणपणाचं. समुद्री माशांच्या पिल्लांना हे बनवणं फारसं जमत नाही. रायगडकडच्या लाडक्या जिताड्याच्या पिल्लांना म्हणूनच आधी समृद्ध केलेले आर्टेमिया, म्हणजे खास तेल खाऊ घातलेले इवलेसे कवचधारी जीव द्यावे लागतात. तो वेगळा पाठ आहे.

मग जिऱ्याला क्रेट कुठून द्यायचे? सगळ्यात स्वस्त उत्तर तळ्यातच आहे. रोटिफर, मोइना, डाफ्निया असे प्लवंग. जिवंत प्राणी म्हणजे पेशी, पेशी म्हणजे आवरणं, आवरणं म्हणजे फॉस्फोलिपिड. शिवाय ते हलतात, म्हणून पिल्लाला दिसतात. ज्या तळ्यात जिरे सोडण्याआधी शेणखत घालून प्लवंग तयार केले आहेत तिथे पिल्लं पेंडीच्या चुका बऱ्याच अंशी पचवून घेतात. जुनी माणसं 'पाणी हिरवट-तपकिरी झाल्याशिवाय जिरं सोडू नये' म्हणतात ते उगाच नाही. प्लवंगाच्या जाळीतून पन्नास लिटर पाणी गाळायचं, तळाशी एक ते दीड मिलिलिटर प्लवंग जमले तर तळं तयार, असा ठोकताळा आहे. मोजपात्र शाळेत असतंच.

अडचण कुठे? जुन्नरकडे प्लास्टिकचा कागद अंथरलेली शेततळी खूप आहेत. तळाला माती नाही, पाणी स्वच्छ, निळं, दिसायला सुरेख. जिऱ्याच्या दृष्टीने ते रिकामं ताट. पिंजऱ्यातही तसंच. पावसाळ्यात डोंगरातून गढूळ पाणी आलं की उजेड आत जात नाही आणि प्लवंग विरळ होतात. अशा ठिकाणी सगळा भार हाताने टाकलेल्या खाद्यावर येतो, आणि तिथेच खाद्याचं रूप चुकलं की मर वाढते. म्हणून माझं स्पष्ट मत असं, की प्लास्टिकच्या शेततळ्यात थेट जिरे सोडूच नयेत. बीज किंवा बोटुकली घ्यावी. थोडी महाग पडते, पण तोवर तिचं आतडं तयार झालेलं असतं.

ज्यांना जिऱ्यापासूनच सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी उकडलेल्या अंड्याच्या बलकाचा जुना उपाय आहे. बारीक फडक्यातून पाण्यात गाळून पहिले एक-दोन दिवस द्यायचा. शास्त्र कळायच्या आधीपासून लोक तो देत आलेत, आणि शास्त्र सांगतं की बलकातल्या स्निग्ध पदार्थाचा जवळजवळ तिसरा हिस्सा फॉस्फोलिपिड असतो. मात्र हात आवरता ठेवायचा, उरलेला बलक पाणी नासवतो. एका बलकात दीड ग्रॅमच्या आसपास फॉस्फोलिपिड धरलं तर किलोभर खाद्यात दोन टक्के आणायला किती बलक लागतील? वीस भागिले दीड, म्हणजे तेरा-चौदा. मुलं हसतात, "एवढ्याची भुर्जी व्हईल!" बरोबर आहे. मोठ्या प्रमाणावर काम असेल तर पशुखाद्यासाठी मिळणारं सोया लेसिथिन परवडतं. त्यात साठ टक्के फॉस्फोलिपिड धरलं तर किलोला तेहतीस-चौतीस ग्रॅम पुरतं.

एक विरोधाभास मुलांना फार आवडतो. जिरे सोडण्याच्या आदल्या दिवशी तळ्यात मुद्दाम तेल आणि साबणाचं मिश्रण पसरायची पद्धत आहे, हेक्टरी ५६ किलो तेल आणि १८ किलो साबण. म्हणजे गुंठ्याला अर्ध्या किलोच्या थोडं वर तेल. श्वास घ्यायला पृष्ठभागावर येणारे पाणकिडे, जे जिरे फस्त करतात, ते या तवंगाखाली गुदमरून मरतात. वारा नसलेला दिवस निवडावा लागतो. तेच तेल, पृष्ठभागावर पिल्लाचा रक्षक आणि नको तितकं पोटात गेलं की ओझं.

पालकांसाठी एक तुलना. नुकत्याच जन्मलेल्या मानवी बाळाचं स्वादुपिंडही लायपेज कमीच बनवतं. आईच्या दुधात मात्र पित्तक्षारांनी जागं होणारं एक लायपेज तयार असतं, आणि दुधातला चरबीचा प्रत्येक थेंब फॉस्फोलिपिडच्या आवरणात गुंडाळलेला असतो. क्रेटसकट माल! रोहूची आई दूध पाजत नाही, ती तेच बलकाच्या शिदोरीत बांधून देते आणि तीन दिवसांनी जबाबदारी तळ्यावर टाकते.

पाठ कधी घ्यावा? जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिवस. १९५७ साली याच दिवशी ओडिशात अंगुल इथे हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून मोठ्या माशांना बंदिस्त पाण्यात अंडी द्यायला लावलं. त्याआधी जिरे पुरात नदीतून गाळून आणावे लागत. आपल्याकडे हंगामही तेव्हाच, त्यामुळे खरं जिरे पाहायला मिळू शकतं. एक जिरे दीड मिलिग्रॅमच्याही आत भरतं, म्हणजे लाखभर जिरे जेमतेम दीडशे ग्रॅम. एक लाख जीव एका वाटीत! व्यवहारातही ते वाटीनेच मोजतात: एका छोट्या मापातले मोजायचे आणि किती मापं झाली त्याने गुणायचं. वर्गात खऱ्या जिऱ्याने, म्हणजे मसाल्याच्या डब्यातल्या जिऱ्याने, हे करून घ्या. एका चमच्यात किती, वाटीत किती चमचे.

मोठ्या मुलांसाठी आणखी एक काम, घरी मासे साफ होतात त्या दिवशी. रोहूचं आतडं अलगद सोडवून दोरीसारखं पसरायचं आणि माशाच्या लांबीशी ताडून पाहायचं. मरळ मिळाली तर तिचंही. रोहूचं अंगाच्या कितीतरी पट लांब निघतं, मरळीचं आखूड, आणि मरळीला जठराची जाड पिशवी वेगळी दिसते. मोजमाप वहीत लिहून आणायला सांगा. हातमोजे घालायचे, हिरवी पिशवी फोडायची नाही, नाहीतर आई पुढच्या वेळी आतडं द्यायची नाही. ज्या घरात मासे खात नाहीत तिथल्या मुलांनी मोजलेल्याच्या वहीवरून आलेख काढावा. आमच्याकडे गेल्या वर्षी सर्वांत नेटका आलेख अशाच एका मुलीचा आला होता.